जड पाणी, सॉफ्टनर आणि ठिबक संच
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



कूपनलिकेच्या पाण्याने ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर बसू लागला, की कोणीतरी सुचवते, घरच्यासारखा मोठा वॉटर सॉफ्टनर शेतावर बसवा. तसे करू नका.

सॉफ्टनरमधील मणी पाण्यातला कॅल्शियम व मॅग्नेशियम धरतात आणि त्या बदल्यात सोडियम सोडतात. मणी पुन्हा कामाला लावण्यासाठी मिठाचेच पाणी लागते. कपडे धुण्यास हे पाणी उत्तम. पण भारी काळ्या जमिनीत सोडियम साठला, की मातीचे कण विखुरतात, निचरा बंद होतो, जमीन चोपण बनते. ती सुधारायला जिप्सम लागते, आणि वेळही.

गाळणीकडूनही भलती अपेक्षा नको. वाळूची गाळणी शेवाळ अडवते, जाळीची गाळणी बारीक कचरा. विरघळलेला क्षार दोन्हींतून पार होतो. गाळणीच्या पुढच्या-मागच्या दाबात फरक वाढला, की ती धुवावी, एवढेच.

क्षारासाठी आम्ल प्रक्रिया करावी. प्लॅस्टिकच्या बादलीत मोजके पाणी घेऊन त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल थोडे थोडे घाला व पाण्याचा सामू ४ पर्यंत येण्यास किती लागते ते सामूदर्शक कागदाने पाहा. त्या प्रमाणात ते संचात सोडा. आम्ल पाण्यात ओतावे, आम्लात पाणी कधीही नाही. हातमोजे व चष्मा हवाच. शेवटच्या ड्रिपरपर्यंत आम्लाचे पाणी पोहोचले, की संच २४ तास बंद ठेवा. नंतर उपनळ्यांची टोके उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या.