नळाच्या अंगातला कली

मायबाप हो, आज नळराजाचं आख्यान लावायचं आहे. पण ते कुणी कुणाला सांगितलं, इथून सुरुवात करू. आपण कथा ऐकतो आणि सांगणाऱ्याला विसरतो.

वनपर्व आहे. पांडव वनवासात. भीम रागाने वाट्टेल ते बोलून मोकळा झालाय. धर्मराज खाली मान घालून बसलाय. राज्य गेलं, भाऊ लावले, बायको लावली, आता बोलायचं काय? तेवढ्यात बृहदश्व नावाचे ऋषी येतात. धर्मराज त्यांना विचारतो, महाराज, माझ्यासारखा दुर्दैवी राजा तुम्ही कुठे पाहिलात का? आता ऋषींना केवढी संधी होती बघा! सदाचारावर दोन तास बोलता आलं असतं. ते बोलले नाहीत. म्हणाले, तुझ्याहून दुःखी एक होता, त्याचं ऐक. आणि जुगारात हरलेल्या माणसाला त्यांनी जुगारात हरलेल्याच माणसाची गोष्ट सांगितली.

हे औषध तिकडे अमेरिकेतही सापडलं. 1935 साली अ‍ॅक्रन नावाच्या गावात शेअर बाजारातला एक माणूस आला. धंद्याचं काम फिसकटलं, हॉटेलात एकटा, आणि समोर दारूचा बार. त्याच्या लक्षात आलं, आपल्याला आत्ता दुसरा दारुडा भेटला पाहिजे, बोलायला. फोन करत करत एक डॉक्टर सापडला, तोही तसलाच. त्या दोघांच्या बोलण्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस उभं राहिलं. 1957 मध्ये लॉस एंजेलिसला त्याच धर्तीवर जुगाऱ्यांचीही संघटना झाली. आपल्याकडे पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये मुक्तांगण सुरू केलं. तिथेही व्यसनातून उठलेली माणसंच पुढच्याला हात देतात.

आता नळाकडे या. कली त्याच्या मागे लागला, पण शिरला कधी? बाराव्या वर्षी! तोवर वाट बघत बसला. एके दिवशी नळ पाय न धुता संध्येला बसला, तेवढ्या फटीतून आत गेला. व्यसनाला घाई नसते, माउली. आणि तो एकटा आला नव्हता. कली माणसात शिरला आणि त्याने द्वापराला फाशांत शिरायला सांगितलं. एक आत, एक बाहेर. घरातले म्हणतात, याचंच मन कच्चं. तो म्हणतो, त्या मोबाइलमध्येच काहीतरी आहे. दोघांचंही खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत दारूच्या व्यसनाशेजारीच जुगाराचं व्यसन लिहिलेलं आहे.

शेजारीच, हे लक्षात ठेवा. कारण हे दोघे जोडीने येतात. आपल्या नाशिक जिल्ह्यात पैसा एकदम हातात येतो. द्राक्षाचा व्यापारी हिशेब करतो, लासलगावला कांद्याची पट्टी मिळते, सातपूर-अंबडला पगार होतो. त्या संध्याकाळी पहिला पेला पोटात गेला की दुसरा हात खिशातल्या मोबाइलकडे जातो. पिऊन खेळतो, हरला म्हणून पितो. मग एक दिवस दारू सोडतो. घरात पेढे वाटतात! आणि तो रात्री दोन वाजता पांघरुणात रमी खेळत असतो. दारूला वास येतो हो, जुगाराला वास नाही. बायकोला कळतं तेव्हा पतपेढीचा माणूस दारात उभा असतो. म्हणून डॉक्टरकडे नेलंत तर दोन्ही सांगा. एक झाकून ठेवलं की दुसऱ्याचा इलाज टिकत नाही.

घरच्यांनी काय करायचं? दमयंतीने काय केलं ते बघा. आधी प्रधान आणले, नगरचे लोक दारात आणले, नळाने मान वर केली नाही. मग तिने रडणं थांबवलं, सारथ्याला बोलावलं आणि दोन्ही मुलं रथात घालून कुंडिनपूरला माहेरी पाठवली. आपल्या अमरावतीकडचं कौंडिण्यपूर ते हेच असं आपण मानतो. नवऱ्याला तिने सोडलं नाही, पण लेकरं फाशांच्या आवाक्यातून बाहेर काढली. आजच्या भाषेत सांगू? पोरांच्या फीचे पैसे, सोसायटीची पासबुकं, सातबाऱ्याचे कागद त्याच्या हाताबाहेर ठेवा. तो चिडेल. चिडू द्या.

आणि त्याचं कर्ज मुकाट्याने फेडू नका. कडू आहे, पण महाभारतातलंच आहे. पहिल्या द्यूतात सगळं गेलं, द्रौपदीमुळे धृतराष्ट्राने सगळं परत दिलं. सगळं! पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले. वाटेतच परत खेळायचं बोलावणं आलं आणि धर्मराज माघारी फिरला. कर्ज फिटलं होतं, रोग तसाच होता. बाप जमीन विकून फेडतो, सहा महिन्यांत पोरगा परत तिथेच, कारण त्याने शिकून घेतलेलं असतं की शेवटी बाप फेडतो. मात्र विनापरवाना सावकार दमदाटी करत असेल तर घाबरू नका. 2014 चा सावकारी नियमनाचा कायदा आहे, सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे तक्रार करता येते.

आता आपल्या वारकऱ्यांच्या घरचं बोलतो. कुणी म्हणतं, महाराज, याला माळ घाला, शपथ घ्यायला लावा. माळेने कित्येकांची दारू सुटली, मी नाही म्हणत नाही. पण जबरदस्तीने घेतलेली शपथ मोडली, की तो माणूस देवळाच्या पायरीलाही तोंड चुकवतो. होता तो एक आधारही आपणच काढून घेतला! आणि रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. ते डॉक्टरच्या देखरेखीत करायचं. त्याच्या नकळत भाजीत औषध कालवू नका. वरून तो प्यायला तर ते जिवावर बेततं. आधी दवाखाना, माळ पळून जात नाही.

कायदा आहे की, असंही कुणी म्हणतं. आहे ना. जुगाराचा कायदा 1887 चा, तरी मुंबईत मटका वाढला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, चांगलंच झालं. पण द्वारकेत दारूबंदीची दवंडी पिटली होती, मोडेल त्याला सुळावर द्यायची शिक्षा होती, आणि तेच यादव प्रभासला जाऊन पिऊन एकमेकांवर तुटून पडले. तेही प्रत्यक्ष भगवंताच्या डोळ्यांदेखत.

मग नळाचा कली निघाला कसा? इथे कान द्या. नळ बाहुक होऊन ऋतुपर्णाचा रथ हाकतोय. वाटेत बेहड्याचं झाड लागलं, आपल्या त्रिफळ्यातला बेहडा. त्या काळी त्याच्या फळांनीच द्यूत खेळत. ऋतुपर्णाने पानं-फळं किती ते सांगितलं. नळ म्हणाला, मी मोजून बघतो. घाई होती तरी खाली उतरला, मोजलं, बरोबर निघालं. ऋतुपर्णाने मोजायची विद्या दिली, आणि त्याच क्षणी कली विष ओकत बाहेर पडला. हरणाऱ्याने कधी मोजलेलं नसतं हो! जिंकलेलं तोंडपाठ, हरलेलं अंधारात. म्हणून एक वही घ्या. कुणाचे किती, कधीपासून, दागिना कुठे गहाण, सगळं त्याच्याच हाताने लिहू द्या. लिहिताना तो रडेल. शेजारी बसा, बोलू नका.

तुम्ही म्हणाल, शेवटी नळाने खेळूनच राज्य परत मिळवलं की! जुगाऱ्याचे कान नेमके तिथेच टवकारतात. पण नळ तेव्हा खेळला जेव्हा कली अंगात नव्हता. ज्याला आज हरलेलं भरून काढायचंय, त्याच्या अंगात तो अजून आहे. आणि कली गेला तरी नळाचं रूप लगेच परत आलं नाही, काही दिवस तो बाहुकच राहिला. व्यसन सुटलेला माणूस सहा महिने ओशाळा, चिडका, उदास दिसला तर "सुटूनसुद्धा असाच" म्हणू नका.

कर्जापायी कुणी जीव द्यायची भाषा केली तर ती धमकी समजू नका. त्या रात्री त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं कुलपात घाला आणि 14416 ला फोन लावा. तो सरकारचा टेलिमानस, मराठीत बोलतात, रात्रीही उचलतात. व्यसनमुक्तीसाठी 14446. दोन्ही फुकट. हे वाचणारा तू स्वतःच तो असशील, तर पुस्तक उलटं ठेव आणि आधी फोन कर. आख्यान उरलेलं नंतर वाच, नळ थांबेल.

बोला पुंडलिक वरदे हारि विठ्ठल.