तिकीट हाती येण्यापूर्वी

श्रोतेहो, आज मला एकाच माणसाविषयी बोलावयाचे आहे. आमच्या झाशीच्या स्थानकावर सामान्य डब्याच्या तिकिटासाठी खिडकीसमोर उभा असलेला, पण तिकीट अद्याप हाती न पडलेला असा हा मनुष्य. तो दिल्लीस मजुरीला निघालेला बुंदेलखंडचा शेतमजूर असेल, किंवा पंजाब मेलने मुंबईस लेकीकडे निघालेले आपल्यापैकीच कोणी नाना असतील. सणासुदीच्या गर्दीत मागून रेटा आला, कठड्यावर आपटून बरगडी मोडली, तर त्या इजेची जबाबदारी कोणाची?

रेल्वे अधिनियमातील १२४-अ हे १९९४ साली दाखल झालेले कलम वस्तुतः उदार आहे. गाडीतून अपघाताने पडलेल्या प्रवाशाला रेल्वेची कसूर सिद्ध करीत बसावे लागत नाही. प्रभाकरन विजयकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हे निःसंदिग्धपणे सांगितले, आणि २०१७ पासून मृत्यूची भरपाई आठ लाख रुपये झाली. त्या तरतुदीत प्रतीक्षागृह, फलाट, फार काय तिकीटघरही नावानिशी आले आहे; परंतु ते दरोडा, दंगल, गोळीबार, जाळपोळ अशा प्रसंगांपुरते. चेंगराचेंगरीचे नाव तेथे नाही. शिवाय कलमाचा लाभ प्रवाशाला, आणि प्रवासी म्हणजे ज्याच्यापाशी प्रवासाचे वैध तिकीट किंवा फलाटाचे तिकीट आहे तो. रांगेतला मनुष्य तर तिकीट घेण्यासाठीच उभा आहे!

लग्नघरी पहिली पंगत बसलेली असते आणि दुसऱ्या पंगतीची मंडळी मांडवाच्या कडेला ताटकळत असतात. अशा वेळी मांडवाचा खांब कोसळला, तर यजमान असे म्हणेल काय, की ज्यांच्यापुढे पान मांडले होते तेवढेच माझे पाहुणे, बाकीच्यांनी आपापले पाहावे? बोलावणे सर्वांनाच होते. मांडव त्याचा, खांब त्याचा, आणि माणसे कोठे उभी करावयाची ही तजवीजही त्याचीच.

पुन्हा सांगतो, कारण येथे हटकून घोटाळा होतो. रीना देवी खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की मृताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. उत्तम! पण ते घेतलेले तिकीट न सापडल्याविषयी. मी बोलतो आहे ते तिकीट न घेतलेल्या, घेऊ न शकलेल्या माणसाविषयी. त्याला उरते ती दिवाणी न्यायालयाची वाट, जेथे निष्काळजीपणा पुराव्यानिशी शाबीत करावा लागतो, किंवा उच्च न्यायालयातील याचिका. आणि मोडक्या बरगडीचा मजूर अलाहाबादेस वकील कोठून लावणार?

१० फेब्रुवारी २०१३ रोजी, कुंभातील मौनी अमावास्येस, त्याच अलाहाबादच्या स्थानकावर तिसाहून अधिक यात्रेकरू चेंगरून मेले. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी नवी दिल्लीच्या स्थानकावर अठरा. दिल्लीच्या मृतांसाठी रेल्वेने दहा लाखांचे सानुग्रह साहाय्य जाहीर केले. त्या पैशाला मी नावे ठेवीत नाही. परंतु यजमानाने दयेपोटी दिलेले एक आणि पाहुण्याने हक्काने मागावयाचे दुसरे. या दुसऱ्यासाठी कलमात दुरुस्ती हवी, दोन शब्दांची, पण ती नेमकी कोणती हे सांगावयास...

निवेदक खुणावीत आहेत, तेव्हा व्यवहाराचे तेवढे सांगतो. रांगेत इजा झाली तर त्याच दिवशी स्टेशनमास्तरांकडे लेखी तक्रार द्या, तिची पोच घ्या, दवाखान्याचा दाखला जपून ठेवा आणि मागेपुढे उभ्या असलेल्या दोघांची नावे टिपून घ्या. रेल्वे दावा न्यायाधिकरणात अशा दाव्याची मुदत घटनेपासून एक वर्षाची असते. तेथे दाद मिळेलच असे नाही. तरी दावा दिवाणीत न्यावयाचा झाला, तर हेच कागद लागतील.