ओटा कुणाच्या मापाचा?

(जळकोट येथे भरलेल्या बांधकाम कारागीर, अभियंते आणि गृहसजावट व्यावसायिकांच्या मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



आपल्या बैठकांत सिमेंटचे, सळईचे भाव आणि मजुरीचे दर नेहमीच निघतात. यंदा तुम्ही स्वयंपाकघर हा विषय घेतलात, याचा मला फार आनंद आहे. घरातल्या ज्या खोलीत सर्वात जास्त कष्ट होतात, तिच्याकडे आपल्या धंद्याचं लक्ष सर्वात उशिरा गेलं आहे.

मॉड्युलर, ओपन किचन, आयलंड, चिमणी हे शब्द आता जळकोटच्या बाजारपेठेतही रोज ऐकू येतात. घरमालक मोबाइलवर फोटो दाखवतो आणि म्हणतो, अगदी असंच पाहिजे. आपण भिंतीचं माप घेतो, पत्र्याचा, प्लायचा, ग्रॅनाइटचा हिशेब करतो आणि कामाला लागतो. त्या ओट्यापुढे पुढची तीस वर्षं जी उभी राहणार आहे, तिचं माप मात्र कुणी घेत नाही. भिंतीच्या आधी तिचं माप घ्या. आज मला तुमच्यापुढे एवढी एकच गोष्ट मांडायची आहे.

आपली जुनी माळवदाची घरं आठवा. चूल, तिच्या शेजारी वैल, मागे भाणवस, कोपऱ्यात उतरंड, काठवटीत मळलेलं पीठ आणि छतातल्या साण्यातून जाईल तेवढा धूर. सगळं हाताच्या अंतरावर होतं, पण त्या धुरानं कित्येक पिढ्यांचे डोळे आणि छात्या खराब केल्या. म्हणून जुनं तेच चांगलं असं मी म्हणणार नाही. गॅस आला, ओटा आला, बाई उभी राहून काम करू लागली, हे चांगलंच झालं.

मॉड्युलर स्वयंपाकघराची सुरुवात कशी झाली, हे आपल्या व्यवसायातल्या प्रत्येकानं माहीत करून घ्यावं. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईनं जर्मनीतल्या फ्रांकफुर्ट शहराच्या कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. त्याआधी बाईला कोणत्या कामाला किती पावलं चालावं लागतं आणि किती वेळ जातो, याचा अभ्यास झाला होता. मग कप्पे, ओटा, बसून काम करायचं स्टूल यांच्या जागा ठरल्या. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. पुढे अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठानं शेगडी, सिंक आणि फ्रिज यांचा त्रिकोण मांडला. त्याच्या तिन्ही बाजूंची बेरीज २६ फुटांच्या आत असावी असा नियम रूढ झाला. दोन्हीकडे आधी कामाचा विचार झाला, लाकूडकाम त्यानंतर आलं. आपण त्यांची दारं आणि हँडल घेतली, मोजमाप तिथंच राहिलं.

ते मोजमापही आपल्याकडे जसंच्या तसं चालणार नाही. ते एकट्या बाईसाठी होतं. आपल्या घरात सासूबाई भाजी निवडतात, सूनबाई भाकरी थापते आणि सणावाराला जावा, नणंदा येतात. दोघींना एकमेकींना न धडकता वावरता यावं, म्हणून समोरासमोरच्या ओट्यांत किमान चार फूट जागा सोडा. मधोमध आयलंड, म्हणजे सुटा ओटा, बसवायचा तर त्याच्या चारही बाजूंना साडेतीन-चार फूट मोकळे लागतात. दहा बाय दहाच्या खोलीत तो अडचणच करील. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रच २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २७० चौरस फूट आहे आणि त्यातच स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरलेली आहे. ती जागा नीट आखणं हे आपल्या कौशल्याचं खरं काम आहे.

आता उंचीकडे येतो. कॅटलॉगमधला ओटा ३४-३६ इंचांचा असतो. आपल्याकडे पाच फूट उंचीच्या बायका पुष्कळ आहेत. हाताच्या कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली ओटा असावा, हा साधा नियम धरला तर त्यांना ३१-३२ इंच पुरतात. त्यावर शेगडी ठेवली की आणखी चार-पाच इंच वाढतात आणि तव्यावरची भाकरी उलटताना खांदे वर उचलावे लागतात. म्हणून शेगडीचा भाग तेवढा खाली घ्या. भाकरी थापायला खांद्याचा जोर लागतो, त्यासाठी २७-२८ इंच उंचीवर एक फळी सरकवून बाहेर येईल अशी ठेवा. गुडघे दुखणाऱ्या आजीला खुर्चीवर बसून थापता यावं, म्हणून फळीखाली पाय जातील एवढी जागा मोकळी सोडा. खर्च किरकोळ आहे, पण एका बाईची पाठ वाचते.

सामानाचंही तसंच. आपल्या घरात वर्षाची ज्वारी, तुरीची डाळ, तिखट, मीठ साठवतात. तारेच्या ट्रॉलीचे साधे चॅनल तीस-चाळीस किलोंच्या पुढे ओढाताण करतात. धान्यासाठी वेगळी कोरडी खोली किंवा कोठीची जागा काढा, ट्रॉली रोजच्या भांड्यांपुरती. ओट्याखाली एमडीएफ लावू नका, सिंकच्या ओलीनं ते फुगतं. आपल्या मातीत वाळवीही आहे. प्लाय घ्यायचाच तर आयएस ७१० चा शिक्का पाहा. कडप्पा आणि शहाबादी दगड आपल्याला सहज मिळतो. कडप्प्याची चौकट करून तिला चांगली दारं लावली तर तिला ना वाळवी लागते ना ओल बाधते. वरच्या फरशीसाठी ग्रॅनाइट. पांढऱ्या संगमरवरावर हळदीचे डाग बसतात, लिंबू-चिंचेनं त्याची झिलई जाते, आणि क्वार्ट्झवर गरम कढई ठेवली तर त्यातल्या राळेला चटका बसतो.

हवेकडे आपण फार कमी लक्ष देतो. ताशी हजार घनमीटर हवा ओढणारी चिमणी बसवली, पण खिडकी बंद असली तर ती हवा आणणार कुठून? बाहेर नळी न काढलेली चिमणी तर धूर गाळून पुन्हा खोलीतच सोडते. समोरासमोर दोन झरोके हवेतच. त्यातला एक जमिनीलगत असावा, कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली साचतो. टाकी बंद कपाटात कोंडू नका, कपाटाच्या दाराला जाळी द्या. टाकी उभीच ठेवा, शेगडी तिच्यापेक्षा उंच हवी. नळीवर आयएसआय शिक्का असावा आणि दर पाच वर्षांनी ती बदलावी, हे ग्राहकाला सांगणं आपलं कर्तव्य आहे.

पाण्याबद्दल लातूर जिल्ह्याला मी काय सांगू? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून निघालेली 'जलदूत' रेल्वे पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली होती. अशा जिल्ह्यातल्या स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याच्या घागरींसाठी बळकट कट्टा हवा, परात आणि पातेलं मावेल असं खोल सिंक हवं, आणि तांदूळ-डाळ धुतल्याचं पाणी परसात झाडांना जाईल अशी वेगळी नळी हवी.

शेवटची गोष्ट सर्वात गंभीर आहे. ओपन किचनसाठी जुन्या घरातली मधली भिंत पाडण्याची टूम निघाली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जो भूकंप झाला, तो आपल्याच जिल्ह्यात झाला. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवर जाड मातीचं माळवद, त्याखाली झोपलेली हजारो माणसं गेली. तोवर हा भाग सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात धरला जात होता, नंतर तो तिसऱ्या पट्ट्यात गेला. ज्या घरात भिंतच छताचं ओझं पेलते, तिथं ती भिंत अभियंत्याला विचारल्याशिवाय पाडू नका. खिडकी मोठी करताना लिंटेल पट्टा तोडू नका. माळ्यावरची जड भांडी खाली आणा, भिंतीवरची कपाटं पक्क्या बोल्टनं बसवा. ग्राहकानं कितीही आग्रह केला तरी या बाबतीत नाही म्हणायला शिका.

भूकंपानंतर बावन्न गावं नव्या जागी वसली. घरं भक्कम मिळाली, पण एकाच साच्याची. पुढे लोकांनी मागच्या बाजूला पत्र्याचे आडोसे करून तिथं चुली मांडल्या, कारण आराखड्यात त्यांचा संसार बसत नव्हता. त्याच काळात घरांच्या दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या कामात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. घर मजबूत कसं करायचं, हे त्या शिकल्या, शेजारणींना समजावू लागल्या, अधिकाऱ्यांशी बोलू लागल्या. म्हणजे घराच्या बांधकामात बाईचं मत घेण्याची परंपरा याच मातीत आहे. ती आपण आपल्या रोजच्या धंद्यात आणली पाहिजे.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत, त्यांवर या मेळाव्यानं ठराव करावा. पहिली, स्वयंपाकघराचा आराखडा पक्का करण्याआधी घरात रांधणाऱ्या बाईशी बोलावं, तिच्या कोपराची उंची मोजून कागदावर लिहावी आणि तिची संमती घ्यावी. दुसरी, आपल्या हातून होणाऱ्या प्रत्येक घरकुलात खिडकी आणि जमिनीलगतचा झरोका असल्याशिवाय काम पूर्ण झालं असं धरू नये. तिसरी, तरुण सुतारांना आणि गवंड्यांना हे मोजमाप, गॅसची सुरक्षितता आणि भिंतींचं शास्त्र शिकवण्यासाठी आपल्यातल्या जाणत्यांनी दरवर्षी वर्ग घ्यावेत. त्या वर्गात मुलींनाही बोलवावं, कारण हे काम त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळेल.

फॅशन दर पाच वर्षांनी बदलेल. आज पांढरा रंग आहे, उद्या हिरवा येईल. त्याला माझी हरकत नाही, घर सुंदर दिसावं असं प्रत्येकाला वाटतं आणि वाटावंही. रंग तिच्या आवडीचा असू द्या, पण ओटा तिच्याच मापाचा करा. हा ठराव घेऊनच आपण आज इथून उठावं, अशी मी सर्वांना विनंती करतो आणि आपली रजा घेतो.