वाटेतलं गाव

(वसंत व्याख्यानमालेत खडवली येथे दिलेलं व्याख्यान)



वेळापत्रकात खडवली हे मधलं स्टेशन. मुंबईपासून सुमारे 71 किलोमीटर, टिटवाळ्याच्या पुढे आणि वासिंदच्या अलीकडे. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली आणि 1 ऑक्टोबर 1855 ला वासिंदपर्यंतचा मार्ग खुला झाला. देशातली रेल्वे जेमतेम अडीच वर्षांची होती, तेव्हा आपल्या शिवारातून गाडी धावू लागली होती. कसारा घाट चढून इगतपुरी गाठायला तिला पुढे 1865 उजाडलं.

तेव्हापासून हे गाव प्रवास दोन्ही बाजूंनी बघत आलं आहे. आठवडाभर गाव डबा घेऊन मुंबईला जातं. रविवारी मुंबई, ठाणं, डोंबिवली पिशव्या घेऊन भातसा नदीच्या काठी येतात. सहा दिवस आपण दुसऱ्याच्या शहरात असतो आणि सातव्या दिवशी दुसरे आपल्या गावात. म्हणून प्रवासातल्या रीतिभातींवर बोलायचं, तर या गावात बोलावं असं मला वाटलं.

प्रवास ठरला की आपण काय काय बघतो? तिकीट मिळतं का, गाडी किती वाजता, खर्च किती, सामान किती. मोबाइलमुळे हे सगळं चार बोटांत आलं आहे. गाडी कुठवर आली ते एम-इंडिकेटर हे अ‍ॅप सांगतं, तिकीट फोनवर निघतं. या सगळ्या आखणीत एक प्रश्न मात्र सहसा नसतो. माझ्या प्रवासापायी दुसऱ्या कोणाला किती जागा, किती झोप, किती पाणी सोडावं लागणार आहे? माझं आजचं सांगणं एवढंच की हा प्रश्न निघण्याआधी विचारायचा असतो. गाडीत चढल्यावर तो सुचून फारसा उपयोग होत नाही.

आधी लोकलकडे बघू. कल्याणला रस्ते फुटतात, एक कर्जतकडे आणि एक कसाऱ्याकडे. आपल्या बाजूला दोनच रूळ आहेत. त्यावरूनच मेल, एक्स्प्रेस, मालगाड्या आणि आपल्या लोकल. सुमारे 67 किलोमीटरच्या तिसऱ्या मार्गिकेचं काम हाती घेतलेलं आहे, ते पुरं होईपर्यंत मेलला वाट द्यायची तर लोकल थांबणार. त्यामुळे इकडच्या माणसाची एक गाडी चुकली की पुढची लगेच मिळत नाही. डोंबिवलीच्या माणसाला पाच-सात मिनिटांत दुसरी गाडी असते, पण ती आधीच भरलेली असते. दोघांचीही अडचण खरी आहे.

या अडचणीतून दरवाजाचं भांडण उभं राहतं. लांबून आलेले ग्रुप म्हणतात, ही लांबच्यांची गाडी, जवळच्यांनी दुसरी पकडावी. दार अडवून उभे राहतात. डोंबिवली-ठाण्याचा माणूस म्हणतो, पास मीही काढला आहे. मी स्पष्ट बोलतो, कारण बोलायला माझीच माणसं समोर आहेत. लांबून येणं हा कष्टाचा भाग आहे, त्याने दारावर हक्क येत नाही. कसाऱ्यापासून उभं राहून आलेल्या माणसाला बसायला जागा मिळावी, याबद्दल कोणाचं दुमत नाही. पण जागा द्यायची रीत आपल्याकडे आधीच आहे, आणि ती दार अडवण्यापेक्षा कितीतरी बरी आहे.

ती रीत म्हणजे ‘कुठे उतरणार?’ हा प्रश्न. आपल्याला तो इतका अंगवळणी पडला आहे की त्यातलं शहाणपण दिसत नाही. उभा असलेला माणूस बसलेल्याला विचारतो. तो म्हणतो, ठाणे. झालं, ती जागा बोलली गेली. मग मागून कोणी आलं तरी आजूबाजूचे चार जण सांगतात, ‘त्यांनी विचारलंय’. कागद नाही, पावती नाही, तरी एका अनोळखी माणसाच्या शब्दावर जागा राखली जाते. तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकू देतात, ती चौथी सीटही अशीच. रेल्वेच्या कुठल्या नियमात ती लिहिलेली नाही. तिघांनी अंग चोरलं म्हणून ती झाली.

बायकांच्या डब्यात तर याहून बारीक गोष्टी दिसतात. संध्याकाळच्या गाडीत मटार सोलत बसलेली बाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. मांडीवर एक पिशवी दाण्यांची, दुसरी सालांची. हात चालू, तोंड शेजारणीशी बोलतंय, आणि एक साल खाली पडलं तर ती वाकून उचलते. घरी गेल्यावर चूल पेटवायची आहे, तासाभराचा प्रवास तिने स्वयंपाकाला जोडून घेतला आहे. त्यात तिने शेजारणीची इंचभर जागा घेतली नाही आणि डब्यात कचरा ठेवला नाही. प्रवासाची आखणी म्हणतात ती हीच, असं मला वाटतं.

आता दुसरी बाजू. 9 जून 2025 ला मुंब्रा आणि दिव्याच्या मधल्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं खाली पडली. काहींचा जीव गेला. त्यातली एक गाडी आपल्या कसारा मार्गाची होती. पायरीवरून प्रवास करणं रेल्वे कायद्याच्या 156 व्या कलमाखाली गुन्हा आहे, हे सगळ्यांना माहीत असतं, आणि गुन्हा करायची हौस म्हणून त्या दिवशी कोणी लटकलं नव्हतं. आत शिरता येत नव्हतं. गाड्या वाढायला हव्यात, त्यासाठी भांडायलाच हवं, आणि ते भांडण आपल्या प्रवासी मंडळींनी सोडू नये. पण डब्याच्या मधल्या भागात पाठीवरची बॅग पुढे घेऊन दोन पावलं सरकलं की दारातले दोघे आत येतात, हेही तितकंच खरं आहे. मधे उभ्या असलेल्या माणसाला दार दिसत नाही. दारात कोण लटकतंय ते त्याला कळत नाही. म्हणून त्याला आतून कोणीतरी सांगायला हवं, आणि त्याने ते भांडण न समजता ऐकायला हवं.

मोबाइलच्या आवाजाबद्दल थोडक्यात सांगतो. जपानमध्ये गाडीत चढलं की फोनचा आवाज बंद करायचा आणि फोनवर बोलायचं नाही, ही रीत लोक पाळतात आणि गाडीत तशा सूचनाही सतत होत असतात. आपल्याकडचा डबा गप्पांचा आहे, भजनाचा आहे, दसऱ्याला तोरण बांधून गाडीची पूजा करणारा आहे. तो मुका व्हावा असं मला मुळीच वाटत नाही. पण भजन म्हणणारे दहा जण एकमेकांचं ऐकत असतात आणि मोठ्याने रील लावणारा एकटाच ऐकत असतो, बाकीच्यांना ते ऐकावं लागतं. भजनी मंडळांनाही माझी एक विनंती आहे. डब्याच्या पत्र्यावर ताल धरताना रात्रपाळी करून परतणारा एखादा खिडकीला डोकं टेकून झोपलाय का, तेवढं बघा.

लांबच्या प्रवासात हाच हिशेब निराळ्या रूपात येतो. 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षणाची मुदत 120 दिवसांवरून 60 दिवसांवर आली. गणपतीला कोकणात जाणाऱ्या घरांत आता दोन महिने आधी पहाटेपासून गजर लागतात. तरीही पुष्कळांच्या हाती येतं ते आरएसी, म्हणजे बाजूच्या एका बर्थवर दोन माणसं. दोन्ही टोकांना दोन अनोळखी माणसं पाय दुमडून समोरासमोर बसतात आणि रात्र काढायची असते. पाय किती पसरायचे, खिडकी केव्हा लावायची, पहिले दोन तास झोप कोणी घ्यायची, हे सगळं बोलूनच ठरतं. जी माणसं सुरुवातीलाच ‘आधी तुम्ही आडवे व्हा’ असं म्हणतात, त्यांची रात्र बरी जाते. रात्री 10 ते सकाळी 6 ही मधल्या बर्थची वेळ आहे. त्याआधी तो उघडला तर खालच्याला बसता येत नाही, आणि सहानंतर वरचा उतरला नाही तरीही तेच. म्हाताऱ्या माणसाला खालचा बर्थ हवा असतो हेही खरं, पण तो हक्काने मागू नये, विचारावा. समोरच्याने आधीच आरक्षण करून तो मिळवलेला असतो आणि त्याच्याही गुडघ्यांची कथा असू शकते.

आपल्या शेजारच्या कल्याणला जन्मलेल्या एका मुलीची आठवण इथे काढल्याशिवाय राहवत नाही. डॉ. आनंदीबाई जोशी, जन्म 31 मार्च 1865. अमेरिकेला वैद्यक शिकायला जायचं ठरलं तेव्हा त्या अठराच्याही नव्हत्या. नवऱ्याची नोकरी बंगालमधल्या सेरामपूरला. त्या काळी बाईने समुद्र ओलांडणं म्हणजे किती टीका, ते सांगायला नको. फेब्रुवारी 1883 मध्ये तिथल्या कॉलेजात त्यांनी जाहीर व्याख्यान दिलं. आपण का जातो आहोत, एकटीने का, तिकडे कशा राहणार, धर्माचं काय करणार, लोक जे जे विचारत होते त्याची उत्तरं एका तरुण मुलीने उभं राहून दिली. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. न्यू जर्सीत रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना घरी नेलं. दोन्ही घरांची ओळख फक्त पत्रांची होती. 1886 मध्ये त्या फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी गेल्या.

त्यांचं धाडस आपण नेहमी सांगतो. मला त्यांच्या प्रवासाची तयारी अधिक मोलाची वाटते. ज्यांना सोडून जायचं त्यांना त्यांनी आधी तोंडावर सांगितलं, आणि ज्यांच्याकडे जायचं त्यांच्याशी बरीच आधीपासून पत्रांनी ओळख करून घेतली. आपण कशा आहोत, आपलं काय सुटणार नाही, हे यजमानीणबाईंना ठाऊक होतं. आज आपली मुलं शिकायला किंवा नोकरीला परदेशी जातात, नातेवाइकांकडे आठ-आठ दिवस राहतात, आणि येणार कधी, जेवणार काय, हे विमानतळावरून कळवतात. चार महिने आधी लिहिलेल्या पत्राचं काम त्या संदेशाने होत नाही.

आणि आता नदी.

रविवारी इथे उतरणाऱ्या बहुतेकांना एक गोष्ट माहीत नसते. भातसा धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातूनच खाली पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं, तिथून उचलून पांजरापूरला शुद्ध होतं आणि मुंबईच्या नळांना येतं. मुंबईच्या रोजच्या पाण्यात भातसेचा वाटा जवळजवळ निम्मा आहे. म्हणजे दादर-कुर्ल्याहून आलेला माणूस इथे साबण लावून आंघोळ करतो, थर्माकोलच्या ताटल्या आणि बाटल्या पात्रात टाकतो, तेव्हा त्या पाण्याची वाट त्याच्याच शहराकडे असते. हे त्याला कोणी रागावून सांगायची गरज नाही, नुसतं सांगितलं तरी पुरे. मी ज्यांना ज्यांना सांगितलं, ती माणसं थबकली. मुद्दाम घाण करणारे थोडे असतात. बाकीच्यांच्या मनात नदी म्हणजे सहलीची जागा, एवढंच असतं.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. पावसाळ्यात वर पाऊस झाला किंवा धरणाचे दरवाजे उघडले की पात्र बघता बघता भरतं. तळ सपाट नाही, गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढे पडलं तर डोक्याइतकं पाणी लागू शकतं. काठावर वाढलेल्या आपल्या पोरांना हे माहीत आहे. शहरातल्या पोहण्याच्या तलावात शिकलेल्या मुलाला माहीत नसतं. दरवर्षी इथे कोणाच्या तरी घरचं मूल बुडतं, आणि पाण्यात उतरून शोध घ्यायला गावातलेच तरुण जातात. सहलीला येणाऱ्याने हेही हिशेबात धरावं, की आपल्या एका उडीसाठी कोणा अनोळखी पोराला जीव धोक्यात घालावा लागेल.

शेवटी फाट्याबद्दल. 18 जुलै 2023 ला सकाळी मुंबई-नाशिक महामार्गावर खडवली फाट्याजवळ कंटेनरने जीपला धडक दिली. पडघ्याहून आपल्या स्टेशनकडे निघालेली माणसं होती ती. सहा जण गेले. कामाला, शिकायला जाणारी, गाडीची वेळ गाठायची म्हणून जीपमध्ये बसलेली. पडघ्याकडून स्टेशनला येणाऱ्या प्रत्येकाच्या प्रवासात आधी हा महामार्ग ओलांडायचा असतो, तो कुठल्याही वेळापत्रकात छापलेला नसतो. जीपमध्ये आणखी एक माणूस कोंबायचा की नाही, चालकाला ‘गाडी चुकेल, जरा दाब’ असं म्हणायचं की नाही, हे आत बसलेले ठरवतात. घरून दहा मिनिटं आधी निघालेल्या माणसाला तसं म्हणावं लागत नाही.

आता उन्हाळा संपत आला आहे. जूनच्या पहिल्या पावसाआधी दोन कामं करता येतील. स्टेशनबाहेर, नदीच्या घाटाकडे वळताना, नदीबद्दल मोठ्या अक्षरांत फलक लावायचा: हे पाणी मुंबई पिते, आणि तळ खोल आहे. त्यासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज द्यावा लागेल, मजकूर मी लिहून आणला आहे. दुसरं, फाट्यावरच्या जीपवाल्या भावांशी माणसांच्या संख्येबद्दल आणि महामार्ग ओलांडायच्या जागेबद्दल बसून बोलायला हवं. त्यांच्याकडे कोण कोण येणार, ती नावं आज निघण्याआधी माझ्याकडे द्या.