पाऊल दुखते तेव्हा



खेड्यातील मुलाचे पाऊल दुखणे ही नवलाची गोष्ट नव्हे. काटा मोडतो, ठेच लागते, खो-खो खेळताना घोटा मुरगळतो. चार दिवस शेक-लेप झाला की मूल पुन्हा धावू लागते. पावलाच्या हाडात क्वचित उद्भवणारा कर्करोग उशिरा ओळखला जातो, तो नेमका यामुळेच. त्याच्या सुजेला प्रत्येक घरात एक साधे कारण तयार असते.

किशोरवयात हाडांना होणारे कर्करोग प्रामुख्याने दोन : ऑस्टिओसार्कोमा आणि युइंग सार्कोमा. दुसऱ्याचे वर्णन अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ जेम्स युइंग यांनी १९२१ साली केले. हे रोग साधारणतः १० ते २० वर्षांच्या वयात, बहुधा गुडघ्याभोवती, मांडीच्या वा कमरेच्या हाडात आढळतात. पावलात ते फारच विरळा. तेथे टाचेचे हाड किंवा बोटांमागील लांब हाडे यांना त्यांची बाधा होते. युइंग सार्कोमात कधी ताप येतो, कातडी लाल व गरम होते. त्यामुळे हाडात पू झाला असावा, असा समज जाणत्या डॉक्टरांचाही होऊ शकतो.

मग ओळखावे कसे? मुरगळलेला पाय दिवसागणिक उतारास पडतो. हे दुखणे मात्र वाढत जाते. रात्री ठणका लागून मूल जागे होते, सूज कठीण लागते, मूल लंगडू लागते. दोन-तीन आठवड्यांत उतार नसेल तर क्ष-किरण चित्र काढून घेणे अगत्याचे आहे. अशा सुजेवर मालीश करू नये, गळू समजून चिरा देऊ नये. हाडाचा तुकडा काढून तपासल्यास रोग पसरतो ही भीती अनाठायी आहे. त्या तपासणीवाचून निदान होत नाही. मात्र पुढे जेथे शस्त्रक्रिया व्हायची, त्याच केंद्रात ती व्हावी हे बरे. हा रोग संसर्गजन्य नाही, आणि मार लागल्याने तो होतो असेही नाही. मार निमित्तमात्र, त्यामुळे पावलाकडे लक्ष जाते एवढेच.

केवळ शस्त्रक्रिया व किरणोपचार होते त्या काळात युइंग सार्कोमाचे फार थोडे रुग्ण वाचत. औषधोपचारांची जोड मिळाल्यापासून, रोग एका जागी असतानाच पूर्ण उपचार झाले, तर दहांपैकी सुमारे सात मुले वाचतात. फुप्फुसात पसरल्यावर हे प्रमाण बरेच घसरते. म्हणजे गावात लेप लावण्यात गेलेले महिने हिशेबात धरावे लागतात.

कित्येकदा पाय घोट्याच्या वर कापावा लागतो. पालक येथेच कचरतात आणि मुलाला घेऊन परततात. जयपूरला १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडविलेला कृत्रिम पाय लावून माणूस अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, शेतातही उतरतो, ही माहिती त्यांना त्या वेळी कोणीतरी दिली पाहिजे.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळांतून आरोग्य तपासणी होते. लंगडणाऱ्या मुलाचे नाव शिक्षकांनी त्या पथकास आवर्जून सांगावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार समाविष्ट आहेत. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात येणाऱ्या अनेक कुटुंबांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आसरा मिळतो. उपचार बहुधा वर्षभराच्या घरात चालतात. तोवर मुलाचे नाव शाळेच्या पटावरून कमी होऊ नये, आणि मागे राहिलेल्या घरच्या शेताकडे, जनावरांकडे कोणी पाहावे हे पंचायतीने आधीच ठरवावे. कारण पालक उपचार अर्धवट टाकून परततात ते पुष्कळदा याच चिंतेपायी.