निराधार महिलांचे पुनर्वसन : आसऱ्यापासून पत्त्यापर्यंत



सायंकाळच्या वेळी ठाणे स्थानकाच्या पश्चिमेस उतरून नौपाड्यात शिरले की पोळी-भाजी केंद्रांपुढे थांबलेली माणसे दिसतात. दिवसभर मुंबईत नोकरी करून परतणाऱ्या कुटुंबांची गरज हेच या केंद्रांचे खरे भांडवल होय. तेथे पोळ्या लाटणाऱ्या स्त्रियांपैकी बहुतेकींनी कोणत्याही वर्गाचे प्रमाणपत्र घेतलेले नसते. तरीही त्यांच्या हाताला काम असते. उलटपक्षी, शिवणकामाचे प्रमाणपत्र पेटीत जपून ठेवलेल्या आणि एका पैशाचीही मिळकत नसलेल्या स्त्रिया गावोगाव आढळतात. पुनर्वसनाचा विचार करणाऱ्याने या विसंगतीपासूनच आरंभ केला पाहिजे.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाचे कार्य हाती घेतले व पुढे १९०० मध्ये आश्रम हिंगण्यास नेला. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये पुणे सेवासदन उभे राहिले. या संस्थांनी विधवांना आश्रय दिला, हे सर्वांच्या स्मरणात आहे. तथापि, त्यांतून बाहेर पडलेल्या स्त्रियांपैकी अनेकजणी शिक्षिका वा परिचारिका झाल्या, कारण शाळा व रुग्णालये वाढत होती आणि त्यांना स्त्रियांची निकड होती, याकडे तितकेसे लक्ष जात नाही. आश्रय, शिक्षण आणि पलीकडे वाट पाहत असलेले काम, असे तीन दुवे तेथे जुळले होते. पुढील काळात अनेक ठिकाणी पहिले दोन दुवे शिल्लक राहिले आणि तिसरा दैवावर सोडला गेला. शिवणयंत्रांच्या वाटपाचे छायाचित्र जितके सहज निघते, तितके सहज गिऱ्हाईक मिळत नाही.

अन्नपूर्णा महिला मंडळाचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. मुंबईच्या गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या राबत होत्या. त्यांना स्वयंपाक कोणी शिकवावा, अशी स्थिती मुळीच नव्हती. त्यांचा गळा आवळला होता तो किराणा दुकानदाराच्या उधारीने आणि सावकाराच्या व्याजाने. गोवा मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अशा १४ महिलांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतरही बँकेची पायरी चढणे या स्त्रियांना अवघडच होते. तारण म्हणून देण्यासारखे त्यांच्यापाशी काही नव्हते; म्हणून त्यांनी एकमेकींची हमी दिली. कसब जुनेच होते. बदलले ते भांडवल. मात्र जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि जेवणारा कामगारच उरेना, तेव्हा एकाच गिऱ्हाइकावर विसंबण्यातील धोकाही उघड झाला. मंडळाने मोठ्या प्रमाणावर अन्नपुरवठ्याची कामे घेतली, वाशी येथे केंद्र उभारले, आणि तेथे गरजू स्त्रियांच्या प्रशिक्षणाची व निवासाची सोय झाली. येथे प्रशिक्षण आले ते बाजारपेठ ओळखल्यानंतर, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

खानावळवाल्या बायकांना निदान चाळीतली खोली होती. जिला घरच उरलेले नाही, तिची अडचण याहून निराळी असते. नौपाड्याप्रमाणेच ठाणे शहरात असलेले प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालापासून कार्यरत आहे. मनोरुग्णालयांतून बऱ्या झालेल्या स्त्रियांची अवस्था अनेकदा विलक्षण असते. औषधोपचाराने मन स्थिरावते, डॉक्टर घरी पाठविण्यास अनुकूल असतात. परंतु दाखल करताना दिलेल्या पत्त्यावर कोणी राहत नाही, किंवा राहणारे दार उघडत नाहीत. पुरुष रुग्णाला न्यावयास निदान पत्नी येते. स्त्री रुग्णाच्या पतीने अनेकदा दुसरा संसार थाटलेला असतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १९ ने स्पष्ट केले आहे की, कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही वा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणास्तव कोणासही अशा संस्थेत ठेवता येणार नाही. कायद्याने दार उघडले. पण दाराबाहेर पाऊल कोठे टाकावयाचे?

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘तराशा’ या उपक्रमाने २०११ पासून याच प्रश्नाला हात घातला, आणि त्याचा आरंभ ठाण्याच्या याच मनोरुग्णालयातील स्त्रियांपासून झाला. बऱ्या झालेल्या स्त्रीला थेट दुसऱ्या आश्रमात न धाडता नोकरदार महिलांच्या वसतिगृहात जागा मिळवून द्यावयाची, व्यवसायशिक्षण द्यावयाचे, नोकरी लागेपर्यंत व लागल्यानंतरही पाठीशी राहावयाचे, अशी ही रीत आहे. वसतिगृहातील खाट ही वरकरणी किरकोळ बाब वाटते. पण त्या खाटेबरोबर पत्ता येतो. पत्त्यावर ओळखपत्र, ओळखपत्रावर बँक खाते आणि खात्यात स्वतःच्या नावाचा पगार. औषध कोणत्या वेळी घ्यावयाचे, लोकलचा पास कोठे काढावयाचा, पगारातून वसतिगृहाचे भाडे किती बाजूस ठेवावयाचे, हेही येथे प्रशिक्षणच ठरते, आणि ते कोणत्याही वर्गाच्या अभ्यासक्रमात छापलेले नसते.

शासकीय योजनांची चौकट आज उपलब्ध आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे. केंद्राच्या ‘मिशन शक्ती’ अंतर्गत २०२२ मध्ये स्वाधार गृह व उज्ज्वला या योजना एकत्र करून ‘शक्ती सदन’ झाले, तर नोकरदार महिलांसाठी ‘सखी निवास’ आहे. शक्ती सदनातून सखी निवासात किती स्त्रिया गेल्या, हा आकडा अधिकाऱ्यांनी प्रशिक्षणार्थींच्या संख्येआधी मागावयास हवा. शिक्षकांच्या हाती वेगळे काम आहे. आई आसऱ्याला आली की तिच्या मुलांची शाळा सुटते, आणि दाखल्यातील ‘वडिलांची सही’ या एका रकान्यावर प्रवेश अडतो. तो अडू न देणे मुख्याध्यापकांना साधण्यासारखे आहे.

राहता राहिली ग्रामपंचायत. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला व त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ठराव उत्तमच, परंतु पतीच्या निधनानंतर घराच्या नमुना ८ वर पत्नीचे नाव चढले की नाही, हे त्याच बैठकीत पाहिले गेले तर त्या स्त्रीला शहरातील आसऱ्याची वाट धरावी लागण्याचा संभव पुष्कळ कमी होईल. ही नोंद करावयाची वही ग्रामपंचायतीच्या कपाटातच असते.