विहीर आपली, पाणी सर्वांचें

(ज्युबिली महोत्सवाच्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या प्रसंगीं पूर्वजांचे उपकार स्मरावे अशी चाल आहे, आणि आज सकाळपासून वेदी, घंटा व शाळा यांचें स्मरण यथायोग्य झालेंच आहे. मी मात्र पूर्वजांच्या अशा एका कृतीविषयीं बोलणार आहें, जिचें स्मारक कोणीं उभारलें नाहीं. ती म्हणजे आपल्या वसईंतील बावखल.

बावखल खणतांना निघालेली माती घराच्या व वाडीच्या उपयोगीं पडे, आणि खड्ड्यांत पावसाचें पाणी सांठे. त्यावर रहाट चालवून केळी, पानवेली व फुलझाडें शिंपीत. उरलेलें पाणी हळूहळू जमिनींत मुरून आसपासच्या विहिरींस जिवंत ठेवी. समुद्र इतका जवळ असतां आपल्या विहिरी गोड्या कां, याचें कारण येथें आहे. गोडें पाणी खाऱ्याहून हलकें असल्यामुळें जमिनीखालीं तें त्याच्यावर तरंगत राहतें. शास्त्रज्ञांचा ढोबळ हिशेब असा कीं, किनाऱ्यालगत गोड्या पाण्याची पातळी एक फूट उतरली, तर खालचें खारें पाणी कालांतरानें सुमारें ४० फूट वर सरकूं शकतें. आणि हें पाणी कुंपण ओळखीत नाहीं! एकानें टँकर भरभरून पाणी विकावें आणि खारटपणा उतरावा शेजारणीच्या हंड्यांत, असा हा व्यवहार आहे. ‘विहीर माझी, पंप माझा, विजेचें बिलही मीच भरतों’ हें म्हणणें कचेरींत कदाचित् चालेल. देवापुढें तें चालणार नाहीं.

१९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथांत सृष्टीचा मान राखण्याचें कर्तव्य सातव्या आज्ञेखालीं, म्हणजे ‘चोरी करूं नको’ या आज्ञेच्या विवरणांत सांगितलें आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. जें पुढच्या पिढीचें आहे तें आपण वापरून संपविलें, तर त्यास दुसरें नांव काय द्यावें? पापनिवेदनापूर्वीं आपण मनाची झडती घेतों, तेव्हां शेजाऱ्याच्या कोंबडीची आठवण होते. परंतु वाडींतील बावखलांत रात्रीं ओतलेल्या राबिटाची होत नाहीं.

तथापि घरोघरचा सदाचार एवढ्यानेंच हें काम भागेल असें मला वाटत नाहीं. वाडींत झाड लावावें, पाणी जपून वापरावें, हें उत्तमच. पण गांवाचा नकाशा जेथें रंगविला जातो तेथें आपण गैरहजर राहिलों, तर झाडासकट वाडी कोणत्या रंगाखालीं गेली हें आपल्याला मागाहून कळेल. पोप फ्रान्सिस यांनीं २४ मे २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रांत हें स्पष्ट केलें आहे: अनेकांच्या सत्कृत्यांची नुसती बेरीज पुरी पडत नाहीं, समाजानें एकत्र यावें लागतें, आणि नागरिकांनीं राज्यसत्तेवर, अगदीं नगरपालिकेवरही, अंकुश ठेवला नाहीं तर निसर्गाचा नाश थांबत नाहीं.

‘धर्मगुरूंनीं राजकारणांत पडूं नये’ अशी कुजबूज अशा वेळीं होते. कोणत्या पक्षास मत द्यावें हें मी सांगणार नाहीं. तें माझें कामच नव्हे. परंतु हरित पट्टा बांधकामास मोकळा होऊं नये व टँकरांचा पाणीउपसा थांबावा म्हणून हरित वसई संरक्षण समितीनें लढा दिला, तेव्हां तिचें नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनींच केलें. २०२४ सालीं ते आपल्याला सोडून गेले. त्यांच्या तसबिरीला हार घालणें सोपें आहे.

आपल्या राज्यघटनेचीही साक्ष काढतों. १९७६ सालच्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनें तिच्यांत दोन कलमें एकाच वेळीं आलीं. ४८-अ राज्यसंस्थेस पर्यावरण रक्षावयास सांगतें, आणि ५१-अ तेंच कर्तव्य नागरिकावर घालतें. एकाकडे बोट दाखवून दुसऱ्यास सुटतां येऊं नये अशीच ही बांधणी आहे. २८ जानेवारी २०११ रोजीं जगपाल सिंग खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें गांवांच्या सामायिक जमिनींवरील व तळ्यांवरील अतिक्रमणें हटविण्याच्या योजना करण्याचा आदेश सर्व राज्यांस दिला. परंतु आपलीं कित्येक बावखलें खाजगी वाड्यांत आहेत. तेथें हा निर्णय सहजासहजीं पोहोंचत नाहीं. तेथें मालकाची सद्सद्विवेकबुद्धि हाच पहारा.

२०१८ च्या जुलैंत आगगाड्या बंद पडल्या, मिठागरांतील मजूर पाण्यांत अडकले आणि वसई दिवसेंदिवस पाण्याखालीं राहिली. पाऊस अतोनात होता हें खरें. पण पाणी जेथें विसांवत असे त्या सखल जागा भरावाखालीं गेल्यावर त्यानें जावें तरी कोठें? तें आपल्या ओट्यावर चढलें. सरकारला दूषणें देतां देतां आपण तें उपसलें. भराव टाकणाऱ्यांस जमीन कोणीं विकली हा प्रश्न मात्र त्या दिवसांत कोणीं मोठ्यानें विचारला नाहीं.

ज्युबिलीनिमित्त देवळास काय भेट द्यावी अशी विचारणा बऱ्याच कुटुंबांनीं केली आहे. संगमरवर पुरेसा झाला. आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक बावखलाची व विहिरीची नोंद मला हवी आहे: जागा कोणती, मालक कोण, वैशाखांत पाणी किती राहतें, गोडें कीं मचूळ. विकास आराखडा हरकतींसाठीं प्रसिद्ध होईल त्या वेळीं मुदतीच्या आंत हीच वही घेऊन आपण कचेरींत जाऊं, आणि मीही बरोबर येईन. वही सॅक्रिस्टींत ठेविली आहे. पहिल्या पानावर देवळाच्या आवारांतील विहीर लिहून ठेविली आहे. दुसरें पान कोरें आहे.